ज्ञातिनिधी आणि नेत्ररोगाचे संशोधन
(वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मंगल प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, वृद्धांचा सत्कार व्हावा आणि सर्वांनी एका पंगतीस बसावे, ही आपली परंपरा आहे. तीत खंड पाडून रोगराईचा विषय काढणे कित्येकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहो. तथापि कार्यकारी मंडळाने आम्हांस वैद्यकीय साहाय्य निधीचे काम पाहावयास सांगितले आणि त्या निमित्ताने निधीच्या जुन्या वह्या आमच्या हाती आल्या. त्या वह्यांनी जे सांगितले ते आपल्या कानांवर घालणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या वह्यांत डोळ्यांच्या आजारासाठी दिलेल्या मदतीच्या नोंदी दोन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार मोतीबिंदूचा. अर्ज आला, रक्कम दिली, शस्त्रक्रिया झाली, दृष्टी परत आली आणि हिशेब मिटला. त्या नावापुढे पुन्हा नोंद नाही. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी मात्र मिटत नाहीत. तपासणीसाठी इतके, प्रवासखर्चासाठी इतके, पुढे काही वर्षांनी नोकरी सुटल्यामुळे कुटुंबास इतके. आणि वही बदलली की त्याच घरातील पुतण्याचे नाव. निधीने आपले काम चोख केले आहे, याबद्दल शंका नाही. परंतु या दुसऱ्या प्रकारात आपण दिलेल्या पैशाने कोणाची दृष्टी परत आली नाही, कारण ती परत आणण्याचा उपायच वैद्यांपाशी नव्हता. उपाय नसलेल्या रोगावर आपण पिढ्यान्‌पिढ्या मदत वाटीत राहिलो. उपाय शोधणाऱ्याला मात्र आपण कधी एक रुपयाही दिला नाही.

त्या वह्यांत आमचे आडनाव नाही. आमच्या घरी हा रोग नव्हता म्हणून नव्हे, तर आम्ही कधी अर्ज केला नाही म्हणून. आमचे थोरले बंधू आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. ते संध्याकाळच्या कोणत्याही कार्यक्रमास येत नसत आणि त्यामुळे मंडळी त्यांना तुसडे म्हणत. खरी गोष्ट अशी की, दिवेलागणीनंतर त्यांना दिसत नसे. भर दुपारच्या पंगतीतही समोरचे तेवढे दिसे, बाजूचे दिसत नसे. मीठ आणि लिंबू पानाच्या डाव्या बाजूस असते हे ठाऊक असल्यामुळे त्यांचा हात बिनचूक तिकडे जाई आणि शेजारच्यास काही कळत नसे. पन्नाशीत त्यांना माणसे केवळ आवाजावरून ओळखू येऊ लागली. आम्ही हे सारे चार भिंतींच्या आत ठेवले, कारण घरात लग्नाच्या मुली होत्या. आता त्यांचा नातू आठवीत आहे. संध्याकाळी मैदानावर त्याला चेंडू दिसत नाही. आज आम्ही हे उघडपणे बोलत आहो, ते त्या मुलाच्या आईवडिलांची आणि त्या मुलाचीही संमती घेऊन.

या रोगास वैद्यकशास्त्रात रेटिनायटिस पिग्मेंटोझा असे नाव आहे. डोळ्याच्या मागील पडद्यास, म्हणजे दृष्टिपटलास, प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. मंद उजेडात पाहण्याचे काम दंडपेशी करतात. रंग आणि बारीक तपशील पाहण्याचे काम शंकुपेशी करतात. या रोगात प्रथम दंडपेशी मरू लागतात. म्हणून आधी रातांधळेपणा येतो, मग दृष्टीची कड आक्रसत जाते आणि नळीतून पाहावे तसे मधलेच दिसू लागते. पुढे कित्येकांचे तेही जाते. जीवनसत्त्व अ कमी पडल्यामुळे येणारा रातांधळेपणा निराळा; तो औषधाने बरा होतो. हा जनुकांतून, म्हणजे वंशपरंपरेने येतो. पाश्चात्त्य देशांत सुमारे ४,००० माणसांमागे एकास हा रोग असतो असे मानतात. आपल्याच नागपूर परिसरातील ग्रामीण भागात झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र प्रौढांमध्ये सुमारे ७५० मागे एक असे प्रमाण आढळले. पाहणीत सापडलेले रुग्ण संख्येने थोडे होते, हे लक्षात घेतले तरी ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

प्रमाण असे का असावे, याचे एक कारण आपल्या दाराशीच आहे. या रोगाच्या अनेक प्रकारांत दोष अप्रकट असतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही जनुक सदोष आले तरच मुलास रोग होतो. आईबाप स्वतः धडधाकट असतात आणि प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. जवळच्या नात्यात लग्ने झाली की, एकाच पूर्वजाचा दोष दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याचा संभव वाढतो. आमच्या आईवडिलांचे लग्न आते-मामे नात्यातले आणि पुतण्याचेही आजोळच्या घरातले. हे आम्ही कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. लहान ज्ञातीत ठरावीक घरांतच सोयरीक होत आली आणि त्याचे परिणाम कोणास ठाऊक नव्हते. परंतु अशा मुलाच्या जन्मानंतर ज्या सुनांना बोल लावला गेला, त्यांच्याविषयी एवढे तरी आज स्पष्टपणे म्हटले पाहिजे की, या प्रकारात दोष एकट्या आईकडून कधीच येत नाही.

आता संशोधनाकडे वळू. १९७१ साली अमेरिकेत काही कुटुंबे एकत्र आली. गॉर्डन गुंड या गृहस्थांची दृष्टी याच रोगाने नुकतीच गेली होती, आणि बर्मन दांपत्याच्या मुलींना हा रोग होता. रोगाचे कारण कोणीच सांगू शकत नाही, तेव्हा ते शोधणाऱ्यांना आपणच पैसे द्यावेत, असे त्यांनी ठरविले. त्यांच्या संस्थेस आज फाउंडेशन फायटिंग ब्लाइंडनेस म्हणतात. १९८३ साली आयर्लंडसारख्या छोट्या देशात मायकेल ग्रिफिथ यांच्या पुढाकाराने रुग्ण आणि त्यांचे आप्त यांनी अशीच संस्था काढली आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधनास साहाय्य केले. तेथे पीटर हम्फ्रीज यांच्या प्रयोगशाळेने एका मोठ्या आयरिश कुटुंबातील अनेक पिढ्यांच्या व्यक्तींचे रक्त तपासले आणि १९८९ साली दाखवून दिले की, त्या घराण्यातील दोष तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. दंडपेशीतील प्रकाश टिपणारे जे द्रव्य, ऱ्होडॉप्सिन, त्याचा जनुकही त्याच गुणसूत्रावर आहे हे ठाऊक होते. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, बॉस्टन येथे थॅडियस ड्रायजा आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्या रुग्णांत त्या जनुकातील नेमका दोष शोधून काढला. डब्लिनकरांनी गल्ली दाखविली आणि बॉस्टनकरांनी घर. आज या रोगाशी संबंधित असे ऐंशीहून अधिक जनुक ठाऊक झाले आहेत.

या ज्ञानाचा रुग्णास काय लाभ, असे कोणी विचारील. एकाच प्रकारचे उदाहरण सांगतो. आरपीई६५ नावाचा जनुक १९९३ साली ओळखला गेला. त्यातील दोषामुळे मुलांना बाळपणीच अंधत्व येते, हे १९९७ साली कळले. २००१ साली तोच दोष असलेल्या कुत्र्यांच्या डोळ्यांत निरोगी जनुक घातल्यावर त्यांना दिसू लागल्याचे प्रसिद्ध झाले. २००७ साली लंडन आणि फिलाडेल्फिया येथे माणसांवर हे उपचार सुरू झाले आणि २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध-नियामकांनी या उपचारास मान्यता दिली. जनुक सापडल्यापासून औषध हाती येईपर्यंत चोवीस वर्षे लागली. त्यामुळे अंधारात वाट काढता न येणारी काही मुले अंधुक उजेडातही चालू लागली. उपचार या एकाच जनुकाच्या रुग्णांस लागू पडतो, सर्वांना नव्हे, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

ही चोवीस वर्षे कोणाच्या श्रमाने भरली जातात? वृत्तपत्रात नाव येते ते प्राध्यापकाचे. परंतु रक्ताचे नमुने हाताळणे, रात्री उशिरापर्यंत पेशी जोपासणे, तोच प्रयोग दहादा करून नवव्यांदा चूक कोठे झाली हे शोधणे, यातील मोठा भाग पीएच.डी.साठी काम करणारे पंचविशीतले विद्यार्थी उचलतात. त्यांना तीन ते पाच वर्षे पोटापुरते वेतन आणि प्रयोगास साहित्य मिळाले पाहिजे. ते न मिळाल्यास हुशार मुलगा अथवा मुलगी दुसऱ्या नोकरीस निघून जाते, आणि तो प्रश्न तेथेच राहतो.

मोठ्या देणगीदारांनी हे फार पूर्वी ओळखले होते. मुंबईच्या लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या; १९३२ साली त्यांच्या स्मरणार्थ न्यास निघाला आणि रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी देशोदेशींच्या संशोधकांना त्यातून साहाय्य मिळू लागले. घरातील दुःखातून जगाच्या उपयोगाचे काम कसे उभे करावे, याचा हा मुंबईतलाच धडा आहे. परंतु आपण टाटा नव्हे. लहान संस्थेने काय करावे?

याचे उत्तर आपल्या वाडवडिलांच्या चालीरीतींतच आहे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. सात घरे मिळून एक मुलगा शिकत असे आणि कोणत्याही एका घरास ओझे होत नसे. पाश्चात्त्य देशांतील धर्मादाय संस्था आज पीएच.डी.च्या विद्यार्थ्यासाठी जवळपास हेच करतात. ब्रिटनमध्ये १९६५ साली फाइट फॉर साइट ही नेत्ररोग-संशोधनास वाहिलेली संस्था निघाली. नॉर्मन अ‍ॅश्टन हे तिच्या प्रवर्तकांपैकी होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अतिरिक्त प्राणवायू दिल्याने दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांवर कसा परिणाम होतो, हे त्यांनी १९५० नंतरच्या दशकात प्रयोगाने दाखविले होते. या संस्थेने एकेका विशिष्ट नेत्ररोगाच्या लहान रुग्णसंस्थांबरोबर वाटा उचलून संशोधकांस साहाय्य दिले. लहान संस्थेपाशी रुग्ण आणि तळमळ असते; मोठ्या संस्थेपाशी अर्जांची पारख करणारे तज्ज्ञ असतात. दोघी मिळून एका विद्यार्थ्यास उभे करतात. त्या विद्यार्थ्यासही बहुधा एकाहून अधिक मार्गदर्शक असतात. एक रुग्णालयातील नेत्रवैद्य, दुसरा प्रयोगशाळेतील जीवशास्त्रज्ञ. रोगी पाहणारा आणि पेशी पाहणारा यांच्यामध्ये ये-जा करणारा दूत म्हणजे तो विद्यार्थी होय.

आपल्या देशातही हे होऊ शकते. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय यांनी उपचारांबरोबर संशोधनाचे विभागही चालविले आहेत. यांपैकी हैदराबादच्या संस्थेस चित्रपट-व्यवसायातील एल. व्ही. प्रसाद यांनी एक कोटी रुपये आणि पाच एकर जमीन दिली, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. मोठे दान देणारा दाता तेथे मिळाला. आपणांस वार लावणारी घरे मिळवावयाची आहेत.

आता हिशेब. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे जानेवारी २०२३ पासून पीएच.डी.च्या कनिष्ठ अधिछात्रास दरमहा ३७,००० रुपये आणि ज्येष्ठ अधिछात्रास ४२,००० रुपये मिळू लागले. हा दर धरल्यास पहिल्या दोन वर्षांचे ८ लक्ष ८८ हजार आणि पुढील तीन वर्षांचे १५ लक्ष १२ हजार, मिळून पाच वर्षांचे २४ लक्ष रुपये होतात. घरभाडे भत्ता आणि प्रयोगाचे साहित्य निराळे. ही रक्कम ऐकून छाती दडपते. परंतु पाच वर्षांचे महिने साठ. म्हणजे दरमहा ४०,००० रुपये. चारशे कुटुंबांनी दरमहा १०० रुपये दिले तर एका विद्यार्थ्याचे संपूर्ण वेतन निघते. दुसरी एखादी संस्था निम्मा वाटा उचलील, तर ५० रुपये पुरतात. मुष्टिफंडाने वसतिगृहे चालविणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या आणि घरोघरच्या भाऊबिजेवर स्त्रीशिक्षण उभारणाऱ्या महर्षी कर्व्यांच्या महाराष्ट्रात हा हिशेब कोणास अशक्य वाटू नये.

यावर तीन आक्षेप आमच्यापर्यंत आले आहेत आणि ते तिन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप असा की, आपल्याच मुलांच्या शुल्कास निधी अपुरा पडत असता प्रयोगशाळेस पैसे का द्यावेत? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. म्हणूनच शिक्षण निधीतील अथवा वैद्यकीय साहाय्य निधीतील एक पैसाही या कामाकडे वळवू नये; स्वतंत्र संशोधन निधी काढावा आणि ज्यास द्यावयाचे त्याने स्वेच्छेने द्यावे. आपली संस्था सार्वजनिक न्यास आहे. असे काम घटनेतील उद्देशांत बसते की नाही हे आधी पाहावे, आणि न बसल्यास धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर अर्ज करावा.

दुसरा आक्षेप असा की, औषध निघालेच तरी ते आपल्याला परवडणार आहे काय? आताच ज्या उपचाराचा उल्लेख केला, त्याची किंमत अमेरिकेत प्रथम जाहीर झाली ती एका डोळ्यास सव्वाचार लक्ष डॉलर. हा आक्षेप ऐकून आम्हीही निरुत्तर झालो होतो. परंतु विचार करता असे दिसते की, आपल्या लोकांतील दोष कोणत्या जनुकांत आहेत हे आपल्याच देशातील संशोधकांनी शोधले नाही, तर परदेशातील महाग औषधही आपल्या मुलास लागू पडेल की नाही हे सांगता येणार नाही. किंमत उतरविण्याचा झगडा पुढचा. निदान हाच त्याचा पाया.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, आणि तो आमच्याच घरातून आला. मुलाच्या आईने विचारले, "याचा उपयोग आमच्या मुलाला होईल का?" आम्ही तिला खोटे सांगितले नाही. पाच वर्षांत एक विद्यार्थी पीएच.डी. होईल, एखाद-दुसरा शोधनिबंध निघेल. कदाचित त्यातून एवढेच सिद्ध होईल की, अमुक वाट चुकीची होती. त्या मुलाची दृष्टी त्याआधीच बरीच गेलेली असू शकेल. या रोगावर हमखास गुण देतो असे सांगून घरदार विकायला लावणारे लोक आमच्या दारी अनेकदा येऊन गेले आहेत. आपल्या निधीने त्यांच्या भाषेत बोलू नये. जो देणगी मागताना आशा विकतो, त्याच्या निधीपेक्षा निधी नसलेला बरा. ती माउली थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग आमच्या नावाचे शंभर रुपये पहिले लिहा." आमच्या सर्व युक्तिवादापेक्षा हे एक वाक्य अधिक मोलाचे आहे असे आम्ही समजतो.

पैशाखेरीज आणखी एक गोष्ट आपल्या ज्ञातीपाशी आहे, जी श्रीमंत देणगीदारांपाशीही नसते. ती म्हणजे वंशावळी. अनेक घराण्यांनी कष्टाने कुलवृत्तांत छापले आहेत. सात-सात पिढ्यांची नावे, सोयरिकी, गावे त्यांत आहेत. डब्लिनच्या संशोधकांना त्या आयरिश कुटुंबाचा वृक्ष मिळाला नसता तर तिसरे गुणसूत्र सापडले नसते. मात्र आपल्या कुलवृत्तांतांत कोण वकील झाला, कोणास पदवी मिळाली हे असते. कोणास रात्री दिसत नसे हे नसते. आम्हीही आमच्या बंधूंच्या नावापुढे ते लिहू दिले नव्हते. ही माहिती छापावी असे आमचे म्हणणे नाही. छापू तर मुळीच नये. तिचे रक्षण झाले पाहिजे. ज्याची त्याने, समजून-उमजून, केवळ संशोधकास द्यावी, आणि वधू-वर सूचक मंडळाच्या वहीशी तिचा कसलाही संबंध येऊ नये. परंतु ज्यांच्या घरी हा रोग आहे त्यांनी विवाहापूर्वी जनुकांचे जाणकार वैद्य गाठून सल्ला घ्यावा, आणि मंडळानेही जवळच्या नात्यातील स्थळे सुचविताना याचे भान ठेवावे, एवढे आम्ही नम्रपणे सुचवितो.

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ म्हणून पुढील सर्वसाधारण सभेपुढे आम्ही असा प्रस्ताव ठेवणार आहो. एक, ज्ञातीचा स्वतंत्र नेत्ररोग-संशोधन निधी असावा. दोन, संस्थेने स्वतः विद्यार्थी निवडू नये. मान्यवर संशोधनसंस्थेच्या तज्ज्ञांनी गुणवत्तेवर निवडावा, आणि तो आपल्या ज्ञातीचाच असावा अशी अट घालू नये. रोगास जात नाही. त्यावरील औषधासही नसावी. तीन, किमान एका अन्य संस्थेचा वाटा मिळाल्याखेरीज वचन देऊ नये, आणि दिलेले वचन पाचही वर्षे पाळावे. मध्येच वार बंद झालेला विद्यार्थी उपाशी राहतो. चार, त्या विद्यार्थ्याने दर वर्षी या संमेलनात येऊन, काय साधले आणि काय फसले, हे आपल्याला कळेल अशा मराठीत अथवा त्याच्या भाषेत सांगावे. दुभाष्याची सोय आम्ही करू.

आमचे बंधू आता हयात नाहीत. संध्याकाळच्या कार्यक्रमास ते का येत नसत, हे त्यांच्या पश्चात का होईना, आज या सभागृहास समजले. त्यांचा नातू येथे पहिल्या रांगेत बसला आहे. भाषण संपून दिवे मंद होतील, तेव्हा त्याचा हात धरून त्याला दारापर्यंत नेणारे आज एकटे त्याचे वडील नसोत, एवढीच आमची विनंती.